बंदूक मोठी की हात मोठा?

गेल्या वर्षी आपल्या उत्सवाच्या वर्गणीचे हिशेब जुळवत बसलो असताना टेक्सासहून भाच्याचा फोन आला. मित्रांबरोबर नामिबियात कुडू हरणाच्या शिकारीला जायचे ठरत होते आणि रायफल कोणती न्यावी याचा घोळ सुरू होता. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मी पॉइंट टू टू चालवली होती, तेवढ्या भांडवलावर मामा तज्ज्ञ! त्याच्या हाताला सवय .३०-०६ ची, पण आफ्रिकेला जायचे म्हणजे .३७५ च हवी असे मित्रांचे मत. मी सांगितले, .३७५ रानरेड्यासारख्या जनावरासाठी, कुडूला तुझी रायफल पुरते. मोठ्या रायफलीच्या धक्क्याला खांदा बिचकला की नेम चुकतो आणि जखमी जनावर रानात तडफडत मरते.

फोन ठेवला आणि मला तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) आठवले. ग्रंथप्रेमी राजा म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते पट्टीचे नेमबाज होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. गादी अमरसिंहांकडे गेली. मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा मिशनरी श्वार्ट्झ यांच्या प्रयत्नाने १७९३ मध्ये त्याला मद्रासला आणले. म्हणजे सोळाव्या वर्षी घर सोडून शिकण्यासाठी या शहरात आलेला हा मराठी मुलगा! आपल्यापैकी अनेकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

१७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशातला राजा, वय अवघे बावीस, आणि लढाईला जायची वाटच बंद. अशा माणसाने हातात काय धरावे?

राजांनी पुष्कळ काही धरले. सरस्वती महाल वाढवला, देवनागरी छापखाना काढला, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवला. धन्वंतरी महालात औषधांवर काम चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी आजही तंजावरला आहेत. आणि याच राजांनी बंदूकही सोडली नाही.

ती बंदूक ठासणीची. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानावर रंजक ठेवायची, मग चकमक झडून बार निघणार. हवा दमट असली तर तेही नाही. साध्या नळीची बंदूक लवकर भरता येई, पण लांबवर भरवसा नाही. आतून आटे पाडलेली रायफल नेमाला पक्की, पण तिच्यात गोळी घट्ट ठासायला वेळ लागे. वाघ समोर आला की तेवढा वेळ कुठला? पहिला बार चुकला की संपलेच. म्हणून बंदुकीची निवड महत्त्वाची, पण त्याहून महत्त्वाचा न थरथरणारा हात.

१८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले. लाव्हाझिए, लिनियस, शेक्सपिअर यांवर राजांशी झालेल्या गप्पांनी ते थक्क झाले. आसपासच्या इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र राजांचा आदर वाटे तो घोड्याची अचूक पारख आणि वाघावरची शांत, धीट नेमबाजी यांसाठी, हेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे. राज्य घेता आले, हात घेता आला नाही.

कंपनीच्या पंखाखाली सुखाने राहिलेला राजा, अशी टीका त्यांच्यावर होते. १८१४-१५ च्या सुमारास इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकाठी मनोरा बांधला, हेही खरेच. ते मला आजही खटकते. पण सत्ता गेलेल्या माणसाने परमुलखात काय टिकवावे, याचे उत्तर त्यांच्याइतके चांगले थोड्यांनीच दिले असेल.

१८३२ मध्ये राजे गेले. १८५५ मध्ये पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. तिथल्या शस्त्रागारातली काही हत्यारे आपल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आली. कट्यारी, तलवारी काचेमागे शांत पडून आहेत. पुस्तके मात्र तंजावरला अजून उघडली जातात.

भाच्याने शेवटी आपली जुनीच रायफल नेली. यंदा तो गणपतीला येतो आहे. आरती झाली की त्याला एग्मोरला नेणार आहे. आपणही मुलांना घेऊन जरूर जा.