तालमीत घडलेले खाशाबा

विद्यार्थी मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुम्ही घरी आणि शाळेत रोज ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीत आला आणि त्याला आणखी एक अर्थ मिळाला. मराठी माणूस तालीम म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तांबड्या मातीचा हौदा, जोर-बैठका काढणारी मुले आणि लंगोट कसलेले पैलवान उभे राहतात. तेथे शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. हा वस्ताद म्हणजे तुमचा उस्तादच. कुस्तीच्या आखाड्याला शिक्षणाचे नाव का मिळाले असेल? याचे उत्तर तुम्हांला खाशाबा जाधव यांच्या चरित्रात सापडेल.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. आपल्या देवगाव रंगारीपासून हे गाव खूप दूर आहे. पण तेही शेतकऱ्यांचेच गाव. खाशाबांचे वडील दादासाहेब हे नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांनीच दिले.

तालमीत पहिल्याच दिवशी कोणी डाव शिकवत नाही. आधी पहाटे उठायचे, हौद्यातली माती खणून मऊ करायची, मग घाम गळेपर्यंत मेहनत करायची. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची. वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. कुस्तीपूर्वी समोरच्या मल्लाला सलामी द्यायची आणि कुस्ती संपली की मनात राग ठेवायचा नाही. या शिस्तीत खाशाबा वाढले. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण चालू होते आणि तालीमही चालू होती. एकीसाठी त्यांनी दुसरी सोडली नाही.

1942 साली 'चले जाव' आंदोलन सुरू झाले. खाशाबा तेव्हा शाळेत होते. इंग्रज सरकारपासून लपत फिरणाऱ्या क्रांतिकारकांना आसरा मिळवून देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे अशी जोखमीची कामे त्यांनी केली. अंगातली ताकद कोणासाठी वापरायची, हे त्यांना त्या वयातच कळले होते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी येथे कुस्तीला मोठा आश्रय दिला होता. पण खाशाबांची उंची कमी होती आणि अंगकाठी लहान होती. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास क्रीडाशिक्षक तयार होईनात. खाशाबा चिडले नाहीत, भांडलेही नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी संधी मागितली. संधी मिळाली आणि आपल्यापेक्षा धिप्पाड मल्लांना त्यांनी चीत केले. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला खाली फेकण्याचा 'ढाक' हा त्यांचा आवडता डाव होता.

1948 साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेथे वेगळीच अडचण उभी राहिली. खाशाबा मातीत वाढलेले. लंडनला कुस्ती गादीवर होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. मातीतली कुस्ती चीत होईपर्यंत चालते, गादीवर वेळ आणि गुण मोजले जातात. तरीही खाशाबांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळवला. नवख्या मल्लासाठी हे यश मोठे होते. पण खाशाबा त्यावर समाधानी नव्हते. परत आल्यावर त्यांनी मेहनत आणखी वाढवली. पुढची चार वर्षे त्यांनी नवे नियम आणि नवे डाव आत्मसात करण्यात घालवली. हरल्यानंतर रडत बसायचे नाही, कोठे कमी पडलो ते शोधायचे, ही तालमीची शिकवण त्यांनी तंतोतंत पाळली.

1952 चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी येथे होते. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय होत आहे, असे खाशाबांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती जिंकून दाखवली. आता प्रश्न पैशांचा होता. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. खाशाबांनी दारोदार जाऊन मदत मागितली. तरीही रक्कम अपुरी पडत होती. अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि 7000 रुपये उभे केले. मित्रांनो, थोडा विचार करा. एका विद्यार्थ्यासाठी गुरूने आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले होते. हेलसिंकीला जाताना खाशाबांच्या खांद्यावर केवढा भार असेल!

तेथे खाशाबा 57 किलो वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी विजय मिळवला. मग जपानचा शोहाची इशी याच्याशी त्यांची कुस्ती झाली. ती पंधरा मिनिटांहून अधिक काळ चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले. ते पार थकून गेले होते. दोन कुस्त्यांमध्ये मल्लाला अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. त्यांची बाजू मांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा मैदान सोडून गेले नाहीत. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. तरी तिसरा क्रमांक त्यांचाच ठरला. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले हे पहिले वैयक्तिक पदक होय.

खाशाबा परतले तेव्हा कराडला सणासारखा उत्साह होता. 151 सजवलेल्या बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे वाजले. असा सत्कार झाला की भल्याभल्यांचे डोके फिरते. खाशाबांना मात्र गुरुजींचे गहाण पडलेले घर आठवत होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. मला विचाराल, तर खाशाबांची सर्वांत मोठी कुस्ती हीच. पदक मनगटाच्या बळावर मिळते. कर्ज फेडायला मात्र नियत साफ असावी लागते.

1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. अनेक वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. आयुष्याच्या शेवटी त्यांना पैशांची ओढाताण सोसावी लागली. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. देशाने त्यांची आठवण उशिरा केली. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला. 2010 साली दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. ते 1996 साली लिअँडर पेस याने टेनिसमध्ये मिळवले. महाराष्ट्राला तर आणखी वाट पाहावी लागली. 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा ती 72 वर्षांची प्रतीक्षा संपली.

मित्रांनो, तुमच्या घरातील वडीलधारी माणसे तालीम आणि तरबियत हे शब्द एकत्र उच्चारतात. तालीम म्हणजे शिकणे आणि तरबियत म्हणजे चांगले वळण लागणे. नुसते डाव शिकून माणूस दांडगा होतो. त्या ताकदीला वळण लागले, तर तो खाशाबा होतो. तुमच्यापैकी कोणी कुस्ती खेळेल, कोणी कबड्डी, कोणी कराटे शिकेल. कोणी फक्त पुस्तकांशी झुंजेल. आखाडा कोणताही असो. पहाटे उठा, उस्तादांचा मान राखा, हरलात तर चूक शोधा आणि ज्यांनी तुमच्यासाठी काही पणाला लावले, त्यांना जिंकल्यावर विसरू नका.