गॉलचा स्वातंत्र्यवीर

आज ज्या देशाला आपण फ्रान्स म्हणतो, त्याचे प्राचीन नाव गॉल असे होते. सुमारे २,००० वर्षांपूर्वी तेथे केल्ट लोकांच्या अनेक टोळ्या राहत असत. हे लोक शूर होते. घोडदौडीत तरबेज होते. परंतु त्यांच्यात एकी नव्हती. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर इ. स. पूर्व ५८ मध्ये गॉलमध्ये शिरला, तेव्हा काही टोळ्या त्याच्याशी लढल्या, तर काहींनी त्यालाच साहाय्य केले. या फुटीचा लाभ घेऊन त्याने थोड्याच वर्षांत बहुतेक देश आपल्या सत्तेखाली आणला.

अशा वेळी आर्व्हेर्नी नावाच्या टोळीतून एक तरुण पुढे आला. त्याचे नाव व्हर्सिंगेटोरिक्स. त्याचा पिता मोठा सरदार होता. परंतु तो राजा होऊ पाहतो, या कारणावरून त्याच्याच लोकांनी त्यास ठार केले होते. इ. स. पूर्व ५२ मध्ये पुत्राने रोमनांविरुद्ध उठाव करण्याचे ठरविले, तेव्हा त्याचा चुलता व इतर पुढारी यांनी त्याला गेर्गोव्हिया नगरातून घालवून दिले. तो खचला नाही. खेड्यापाड्यांतून हिंडून त्याने गोरगरिबांची फौज उभी केली, त्या पुढाऱ्यांनाच नगराबाहेर काढले आणि टोळ्याटोळ्यांकडे दूत धाडले. पाहता पाहता अनेक टोळ्यांनी त्याला आपला सेनापती मानले.

उघड्या मैदानात शिस्तबद्ध रोमन सैन्यापुढे आपला टिकाव लागणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने निराळीच युक्ती योजिली. शत्रूला धान्याचा दाणा व घोड्यांना चारा मिळू द्यायचा नाही. त्यासाठी आपली गावे आपणच जाळायची! ही आज्ञा पाळणे किती कठीण! परंतु बितुरिगेस टोळीने एका दिवसात आपली २० हून अधिक गावे पेटवून दिली. केवळ आव्हारिकम हे सुंदर नगर तेवढे राखावे, म्हणून त्या लोकांनी गुडघे टेकून विनवणी केली. सेनापतीचे मन द्रवले व त्याने इच्छेविरुद्ध संमती दिली. पुढे सीझरने तेच नगर वेढून जिंकले. आतील सुमारे ४०,००० माणसांपैकी जेमतेम ८०० वाचली.

एवढा घाव बसूनही लोकांचा त्याच्यावरील विश्वास ढळला नाही, उलट वाढला. गेर्गोव्हियाच्या डोंगरी नगरावर सीझर चालून आला, तेव्हा गॉल वीरांनी त्याचा हल्ला मोडून काढला. रोमनांचे जवळजवळ ७०० सैनिक पडले आणि सीझरला माघार घ्यावी लागली.

परंतु हे यश टिकले नाही. घोडदळाच्या एका लढाईत पराभव झाल्यामुळे व्हर्सिंगेटोरिक्सला आलेसिया या डोंगरावरील नगराचा आश्रय घ्यावा लागला. त्याच्याजवळ ८०,००० सैनिक होते. धान्य मात्र एक महिना पुरेल इतकेच होते. सीझरने नगराभोवती खंदक खणून ११ रोमन मैल लांबीचा तट उभारला. बाहेरून मदत येणार हे ओळखून त्याने पाठीमागे १४ मैलांचा दुसरा तट बांधला. आत उपासमार सुरू झाली. लढू न शकणाऱ्या नगरवासीयांना मुलाबाळांसह बाहेर काढण्यात आले. त्यांनी रोमनांची करुणा भाकली, परंतु सीझरने त्यांना थारा दिला नाही. दोन सैन्यांच्या मध्ये ते बिचारे अन्नावाचून मेले.

अखेर गॉलचे प्रचंड सैन्य मदतीस आले. आतून व बाहेरून एकाच वेळी निकराचे हल्ले झाले. पण रोमन घोडदळाने मागून घाला घातला आणि मदतीचे सैन्य उधळले.

दुसऱ्या दिवशी व्हर्सिंगेटोरिक्सने सभा बोलाविली. हे युद्ध आपण स्वार्थासाठी नव्हे, तर सर्वांच्या स्वातंत्र्यासाठी केले, असे त्याने सांगितले. आता आपल्याला ठार करून किंवा जिवंतपणी शत्रूच्या हाती देऊन लोकांनी रोमनांचा राग शांत करावा, असे त्याने स्वतःच सुचविले. ज्याने इतरांना घरेदारे जाळावयास सांगितले होते, त्याने वेळ येताच स्वतःलाही देऊन टाकले! नंतर तो रोमनांच्या स्वाधीन झाला. सहा वर्षे त्याने बंदिवासात काढली. इ. स. पूर्व ४६ मध्ये सीझरच्या विजयाच्या मिरवणुकीत त्याला रोमच्या रस्त्यांवरून फिरविले व मग ठार करण्यात आले.

या वीराची कथा गॉल लोकांनी लिहून ठेवली नाही. ती मुख्यतः आपल्याला कळते सीझरच्या ग्रंथातून! ज्याने त्याला जिंकले, त्याच्याच लेखणीने त्याची कीर्ती राखली. आलेसियाच्या डोंगरावर इ. स. १८६५ मध्ये व्हर्सिंगेटोरिक्सचा भव्य पुतळा उभारण्यात आला. ज्या भूमीवर त्याने शस्त्र खाली ठेवले, तेथेच तो आज ताठ मानेने उभा आहे. विजय सीझरचा झाला, हे खरे. परंतु फुटलेल्या टोळ्यांना आपण सारे एक आहोत, हे शिकविण्याचा मान या पराभूत तरुणाचाच आहे.