दर्यावरची सोबत : सरखेल कान्होजी आंग्रे

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी ग्रंथालयात एका इंग्रज लेखकाचा पश्चिम किनाऱ्याचा जुना इतिहास चाळत होतो. त्यात सरखेल कान्होजी आंग्रे यांना सरळ चाचा ठरवून टाकले होते. दिवाळे कोळीवाड्यात वाढलेल्या मुलाला हे खटकणारच. आमचे आजोबा तरुणपणी शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. खांदेरी बेटाजवळ वारा पडला की थळ, रेवस, करंजा इकडचे मचवे शेजारी शेजारी नांगर टाकीत. मग या होडीवरचे त्या होडीवर जात, तंबाखू मागत, भात-कालवण वाटून खात. कुठे मासळी लागली, कुठे वादळ उठले, ही खबर तिथेच कळे. कान्होजींचे चरित्र वाचताना मला ते मचवे सारखे दिसत होते.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. म्हणजे घराणे मुळात घाटावरचे! पण वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते आणि हर्णैसमोरच्या त्या जलदुर्गात मुलाचे बालपण गेले. चारही बाजूंना पाणी, खेळगडी कोण असणार? कोळी, भंडारी, गाबीत, दालदी मुसलमान यांचीच पोरे असणार. वारा, भरती-ओहोटी, पाण्याखालचे खडक हे ज्ञान त्या काळी कुठल्या पोथीत नव्हते; ते खलाशांच्या पंगतीतच मिळे. पुढे किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात असता तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग राखला, असे सांगतात. सिधोजी गुजर यांच्यानंतर १६९८ साली मराठी आरमार त्यांच्या हाती आले.

हे आरमार दिसायला काही भव्य नव्हते. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि त्यांच्यासोबत लहान गलबते. मोठ्या गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असत. खोल समुद्रातल्या इंग्रजी जहाजापुढे ती अगदी किरकोळ. पण बुडाला उथळ असल्याने खाडीत सहज शिरत आणि वारा पडला की वल्ह्यांवर पळत. मोठे जहाज मात्र वाऱ्यावाचून जागीच लोळे. मग पाच-सात गलबते मिळून मागच्या बाजूने, जिथे शत्रूच्या तोफा कमी, तिथे भिडत. हे एकट्याचे काम नाही. शेजारच्या होडीवरचा माणूस आता काय करील, हे न विचारता कळावे लागते. मला वाटते, कान्होजींचे खरे बळ इथे होते.

आता चाचेपणाविषयी. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते. आपल्या दर्यात येणाऱ्या व्यापारी तारवांनी दस्तक घ्यावे, एवढी त्यांची मागणी होती. पोर्तुगीज असेच परवाने देत आणि न घेणाऱ्याला लुटत; त्यांना मात्र कोणी चाचा म्हणत नाही. तरीही एक गोष्ट लपवू नये. १७१२ साली त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज पकडले. त्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याच्या तरुण पत्नीच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये घेण्यात आले. त्या काळची रीत म्हणून सोडून द्यावे, तरी मनाला ते बरे वाटत नाही.

पुढे १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. बाळाजी श्रीवर्धनचे; किनाऱ्यावरच्या माणसाशी कसे बोलावे, हे किनाऱ्यावरच्यालाच कळणार. इंग्रजांनी १७१७ साली विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर हल्ला करून पाहिला, दोन्हीकडे हात हलवीत परतले.

१७२१ च्या अखेरीची हकीकत तर वाचण्यासारखी आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. इंग्लंडहून आलेला आरमारी अधिकारी मॅथ्यूज, पोर्तुगीजांचा विसेरेई, हजारोंची फौज असा थाट. हल्ला फसला. तेव्हा संतापलेल्या मॅथ्यूजने किनाऱ्यावर येऊन पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडीच खुपसली, अशी हकीकत खुद्द इंग्रजांनीच नोंदवली आहे. इकडे बाजीराव घोडदळ घेऊन मदतीला आलेले होते. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि दोस्ती तिथेच संपली. एका ताटात न जेवलेली माणसे ती! १७२४ साली डच विजयदुर्गावर आले, तेही तसेच गेले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. पावसाळ्याचे दिवस, दर्या बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. त्यानंतर मुलांत भाऊबंदकी माजली. संभाजी आणि मानाजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. १७५६ साली इंग्रजांनी, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून, विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जाळले. बापाने जोडलेली गलबते एकाच ठिकाणी जळून गेली.

मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आज आंग्रे हे नाव आहे आणि खांदेरी किल्ला २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. वल्ही मारणाऱ्यांची नावे मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत. अलिबागला कान्होजींची समाधी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना घेऊन तिथे गेलो होतो. त्यांनी चपला काढल्या, नारळ ठेवला आणि मला विचारले, की वाऱ्याची दिशा इथून कोणती.