पारा आणि प्रफुल्लचंद्र

तुम्ही पारा पाहिला आहे का? काचेच्या जुन्या तापमापीत एक चकाकणारी बारीक रेघ दिसते, तोच पारा. मी लहान असताना मोमिनपुऱ्यातील आमच्या घरी अशी एक तापमापी फुटली. फरशीवर चांदीसारख्या गोळ्या धावू लागल्या. आम्ही भावंडांनी त्या तळहातावर घेऊन खेळवल्या. दोन गोळ्या जवळ आणल्या की त्यांची एक होई आणि बोटाने दाबली की एकीच्या दहा होत. एक गोळी अम्मीच्या सोन्याच्या अंगठीला लागली आणि अंगठी तेवढ्या जागी पांढरी पडली. आम्हांला बोलणी बसली, ती अंगठीबद्दल. खरा धोका कशात होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

पाऱ्याला उर्दूत सीमाबही म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहेच. सीम म्हणजे चांदी आणि आब म्हणजे पाणी. या चांदीच्या पाण्यावर ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्च केली, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची ही हकिकत आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालमधील राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते. त्यांना फारसी उत्तम येत असे, हाफिजची कविता त्यांना आवडे आणि घरात मोठा ग्रंथसंग्रह होता. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब कलकत्त्यास आले. तेथे १८७४ साली प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा भयंकर विकार जडला. शाळा सुटली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वडिलांची पुस्तके वाचून काढली. प्रकृती मात्र जन्मभर नाजूकच राहिली.

१८८२ मध्ये गिल्ख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले आणि १८८७ मध्ये रसायनशास्त्रातील डॉक्टर झाले. एवढी मोठी पदवी घेऊन परतले, तरी जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरी मिळाली नाही. वरच्या श्रेणीच्या जागा इंग्रजांनाच मिळत. त्या काळात मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी त्यांनी आश्रय घेतला. अखेर १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

तेथील प्रयोगशाळा जुनी आणि कोंदट होती. आम्लांचे धूर बाहेर जायला वाट नव्हती. प्रफुल्लचंद्रांनी तक्रारीचे अर्ज लिहीत बसण्याऐवजी प्राचार्यांनाच आत बोलावले. काही मिनिटांतच प्राचार्यांना तो धूर सोसवेना. ते बाहेर गेले आणि नव्या इमारतीसाठी त्यांनी सरकारला पत्र लिहिले. १८९४ मध्ये नवी प्रयोगशाळा तयार झाली. मला ही गोष्ट फार आवडते.

याच नव्या प्रयोगशाळेत १८९५ साली ती घटना घडली. कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे एक औषध त्या काळी जुलाबासाठी सर्रास देत असत. ते तयार करण्यासाठी प्रफुल्लचंद्रांना आधी पाऱ्याचा दुसरा एक क्षार हवा होता. त्यांनी भरपूर पारा घेऊन त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल ओतले आणि ते थंडच ठेवले. काही वेळाने पाऱ्यावर फिकट पिवळे स्फटिक जमलेले दिसले. असे काही व्हायला नको होते! दुसऱ्या एखाद्याने प्रयोग बिघडला म्हणून भांडे धुऊन टाकले असते. त्यांनी ते स्फटिक वेगळे केले, तपासले आणि तोलले. तो मर्क्युरस नायट्राइट निघाला. असा क्षार टिकून राहील, असे कोणाला वाटत नव्हते. १८९६ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि त्यांचे नाव युरोपात पोहोचले. पुढे १९८०च्या दशकात या स्फटिकांची आतील रचना क्ष-किरणांनी तपासण्यात आली.

आता या पाऱ्याचा स्वभाव पाहू. नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारा हा एकमेव धातू. पाण्यापेक्षा तो साडेतेरा पटींहून जड आहे, म्हणून लोखंडाचा खिळा त्यावर तरंगतो. उणे ३९ अंश सेल्सिअसला तो गोठतो आणि ३५७ अंशांना उकळतो. उष्णतेने तो सारखा प्रसरण पावतो, म्हणून तापमापीत आला. हवेच्या दाबाने नळीत सुमारे ७६ सेंटिमीटर चढतो, म्हणून वायुभारमापकात आला. सोने त्यात विरघळते, म्हणून सोन्याच्या खाणीत आला. अम्मीची अंगठी पांढरी का पडली, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

पण न उकळताही पाऱ्याची थोडी थोडी वाफ होत असते. ती दिसत नाही आणि तिला वासही नसतो. श्वासावाटे ती रक्तात आणि तेथून मेंदूत व मूत्रपिंडांत जाते. हात थरथरतात, हिरड्या सुजतात, आठवण राहत नाही. युरोपात टोप्यांची लोकर पाऱ्याच्या नायट्रेटने कमावत; त्या कारागिरांचे हात असेच कापत. हा क्षार प्रफुल्लचंद्रांच्या क्षाराचा सख्खा भाऊच! जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत गेला आणि मासे खाणारी माणसे पांगळी झाली. १९५६ साली या रोगाची नोंद झाली. हे दूरचे झाले. पण आपल्या कोराडीच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशातही पाऱ्याचा अल्प अंश असतो. आणि २०२३च्या सुरुवातीला विदर्भातीलच अकोल्याची बातमी आली. गोरेपणाचे क्रीम लावल्याने एका घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. त्या क्रीममध्ये पारा होता. मुलींनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

घरात तापमापी फुटलीच तर झाडू फिरवू नका. गोळ्या आणखी बारीक होतात. खिडक्या उघडा, लहान मुलांना बाहेर न्या, हातातील दागिने काढा आणि जाड कागदाने गोळ्या काचेच्या बाटलीत भरून घट्ट झाकण लावा.

प्रफुल्लचंद्रांना पाऱ्याचे वेड प्रयोगशाळेपुरते नव्हते. आपल्या पूर्वजांना रसायनाचे किती ज्ञान होते, हे शोधण्यासाठी त्यांनी जुन्या पोथ्या जमवल्या आणि हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत इंग्रजीत लिहिला. पहिला खंड १९०२ मध्ये निघाला. त्यात पारा सिद्ध करणाऱ्या नागार्जुनाची माहिती आहे. आपल्या रामटेकजवळची नागार्जुन टेकडी लोक त्याचीच मानतात. अरबांकडे जाबिर बिन हय्यानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांतही सगळे धातू पारा आणि गंधक यांपासून बनतात असे सांगितले आहे. ही कल्पना चुकीची ठरली. पण तिच्या मागे लागूनच माणसे ऊर्ध्वपातन शिकली.

१९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन आपल्या नागपुरात भरले. त्याचे अध्यक्ष होते प्रफुल्लचंद्र राय. भारतात आधुनिक विज्ञानाची पहाट कशी होत आहे, हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. ज्यांना एकेकाळी वर्षभर नोकरी मिळाली नव्हती, त्यांचे ऐकायला देशभरातील शास्त्रज्ञ या शहरात जमले होते.

स्वतःच्या बचतीतील ७०० रुपयांवर त्यांनी १८९२ मध्ये औषधांचा कारखाना सुरू केला होता. तोच पुढे बेंगॉल केमिकल या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातून ते श्रीमंत झाले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. १९२१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, पुढचा सगळा पगार त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला देऊन टाकला आणि १९३६ पर्यंत शिकवत राहिले. त्याच सुमारास त्यांनी दहा हजार रुपये देऊन रसायनशास्त्रातील संशोधनासाठी एक पारितोषिक ठेवले. त्याला स्वतःचे नाव न देता नागार्जुनाचे दिले. सायन्स कॉलेजच्या इमारतीतील एका खोलीत ते राहत. १६ जून १९४४ रोजी त्याच खोलीत त्यांचे निधन झाले.