यंत्रे अनेक, उत्तर एक

एका संगणकावर बिनचूक चाललेली आज्ञावली दुसऱ्या घडणीच्या संगणकावर तशीच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. ते प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. या तपासणीला शासकीय व्यवहारात स्थान मिळवून देणाऱ्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

१९०६ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट संपादन केली. व्हासार महाविद्यालयात अध्यापन केल्यावर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि हार्वर्ड येथील मार्क-१ या यंत्रावर काम करू लागल्या. त्या काळी वारंवार लागणारे आज्ञाखंड एका वहीतून दुसरीत हाताने उतरवीत आणि उतरविताना चुका होत. तयार खंड चुंबकीय फितीवर साठवावेत व हवा तो यंत्रानेच उचलून जोडावा, ही व्यवस्था हॉपर यांनी १९५२ मध्ये सिद्ध केली. आजच्या सॉफ्टवेअर लायब्ररींच्या आरंभीच्या रूपांपैकी ते एक होय.

१९५९ मध्ये आखल्या गेलेल्या कोबॉल भाषेला हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा आधार होता. डिसेंबर १९६० मध्ये मूलतः एकच कोबॉल आज्ञावली युनिव्हॅक-२ आणि आरसीए-५०१ या भिन्न यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. तथापि, पुढे उत्पादकांच्या कोबॉलमध्ये फरक पडत गेले. असे झाले म्हणजे ग्राहक एकाच कंपनीशी जखडला जातो आणि बाजारातील स्पर्धा नाममात्र उरते.

नौदलाने १९६७ मध्ये निवृत्त हॉपर यांना पुन्हा पाचारण केले. उत्पादकाचा शब्द प्रमाण न मानता, त्याच्या कोबॉलची परीक्षा घेणाऱ्या चाचण्यांचा संच त्यांच्या विभागाने तयार केला. पुढे सरकारी खरेदीत अशी तपासणी आवश्यक ठरली. व्यापाऱ्याच्या तराजूला सरकारी वजनाने पारखावे, तसाच हा प्रकार. हॉपर १९८६ मध्ये रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी निधन पावल्या.

आज एकच लायब्ररी इंटेल, एआरएम अशा भिन्न घडणींच्या प्रोसेसरांसाठी बांधली जाते आणि तिच्या स्वयंचाचण्या प्रत्येकावर चालविल्या जातात. एखादी चाचणी एकाच घडणीवर फसली, की ती वगळून वेळेवर प्रकाशन उरकण्याचा मोह होतो. विद्यार्थ्याला न सुटलेला प्रश्न गाळून त्याला उत्तीर्ण करण्यासारखेच ते आहे. हिशेब मात्र त्याच लायब्ररीवर चालणार असतात, आणि चुकलेल्या उत्तराची किंमत चाचणी वगळणारा नव्हे, तर त्यावर विसंबणारा मोजतो.