पालवणकर बाळू : कॅप्टन न झालेला मोठा खेळाडू

मॅच हरली की हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एक वाद हमखास रंगतो. मोठा प्लेयर हा मोठा कॅप्टनही असतो का? एक ग्रुप मॅराडोनाचं नाव घेतो. १९८६ चा वर्ल्ड कप त्याने कॅप्टन म्हणूनच जिंकला. दुसरा ग्रुप लगेच आपल्या सचिनवर येतो. २५ टेस्टमध्ये कॅप्टन, जिंकल्या फक्त ४. मग मेसची वेळ संपत आली तरी कुणी हटत नाही. पण या वादात आपण सगळेच एक गोष्ट धरून चालतो, की चांगल्या प्लेयरला कॅप्टन व्हायचा चान्स तर मिळतोच. ज्यांना तो चान्सच दिला गेला नाही, अशा एका मराठी खेळाडूबद्दल हा लेख आहे.

जुन्या स्कोअरकार्डवर त्यांचं नाव पी. बाळू असं दिसतं. पूर्ण नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडला. घराणं मूळचं कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. जात चर्मकार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला असल्याने बालपण पुण्यात गेलं. ऑफिसर लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे पारशांच्या क्लबात पिच झाडायची आणि रोलर फिरवायची नोकरी लागली. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले, तिथे ४ रुपये मिळायला लागले. काम वाढलं, नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायची. डाव्या हाताची स्पिन. ग्रेग नावाचा एक नामांकित बॅट्समन होता, तो म्हणे आउट झाला की दर वेळी ८ आणे द्यायचा. हिशोब करून बघा, आठ वेळा आउट केला की महिन्याचा पगार! मात्र बाळूंच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची आणि बॉलिंग नोकराने, अशी वाटणी होती.

साहेबांना हरवायचं तर हा बॉलर आपल्याकडे हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळत होतं. बरीच वादावादी होऊन त्यांना टीममध्ये घेतलं. मैदानावर सगळे बरोबर, पण चहाच्या वेळी बाकीच्यांना कप आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवायलाही वेगळं बसायचं. मला सगळ्यात जास्त राग इथेच आला. त्यांच्या हातातून आलेला बॉल सगळ्यांना चालत होता ना?

नंतर पुण्यात प्लेग आला आणि कुटुंब मुंबईला आलं. इथे ते हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. मरीन ड्राइव्हला फिरायला गेलात तर रस्त्याला लागून पी. जे. हिंदू जिमखाना दिसतो, तोच हा. १९०६ मध्ये हिंदू टीमने युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं, त्यात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. शिवरामही त्या मॅचमध्ये होते.

१९११ मध्ये भारताची टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन कोण? पतियाळाचे महाराज, वय वर्षं १९. महाराज बराच वेळ समारंभांत आणि मेजवान्यांत असायचे. टीम बहुतेक मॅच हरली. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र पूर्ण दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास मॅचमधल्या. एकाला जन्मामुळे कॅप्टनशिप मिळाली आणि दुसऱ्याला जन्मामुळेच मिळाली नाही. परत आल्यावर सत्कार खूप झाले. तेव्हा कॉलेजात शिकणारे आंबेडकरही बाळूंना फार मानत.

सत्कार झाले, पण हिंदू टीमची कॅप्टनशिप काही मिळाली नाही. वर्षानुवर्षं टीमचे सगळ्यात सीनियर बॉलर तेच, पण दर वेळी दुसरं नाव यायचं. एम. डी. पै यांना कॅप्टन केलं, तेव्हा त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की या पदावर खरा हक्क बाळूंचा आहे. १९२० ला तर बाळूंना टीममधूनच वगळलं. पै आजारी पडले आणि कॅप्टनशिप पुण्याच्या देवधरांकडे गेली. धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हा टीमचे भरवशाचे बॅट्समन होते, त्यांचाही विचार झाला नाही. मग विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी सरळ खेळायलाच नकार दिला आणि कारण पेपरात छापून आणलं. टीममधली जागा जाईल हे माहीत असताना हे करायला काय लागत असेल! सिलेक्टर नरमले. फायनलला बाळू परत आले ते व्हाइस कॅप्टन म्हणून. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ टीम बाळूंनी हाताळली. वय ४४. बस, एवढीच त्यांची कॅप्टनशिप.

१९२३ मध्ये मात्र विठ्ठल कॅप्टन झाले. युरोपियनांना हरवून टूर्नामेंट जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. चार वर्षांत तीन वेळा विजेतेपद मिळालं. म्हणजे अडचण क्षमतेची नव्हतीच. बाळू कॅप्टन म्हणून कसे ठरले असते? कदाचित ग्रेट, कदाचित साधारण. सचिनबद्दल आपण आकडे काढून भांडू तरी शकतो, इथे आकडेच नाहीत. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ज्या बॉलरने दर बॅट्समनची खोड नेटमध्ये तासन्‌तास उभं राहून ओळखली, त्याला फिल्डिंग लावता आली नसती हे मला पटत नाही.

क्रिकेट सुटल्यावर ते राजकारणात गेले. पुणे कराराच्या वेळी ते गांधीजींच्या बाजूने होते, आंबेडकरांशी मतभेद झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं. बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. ३३ फर्स्ट क्लास मॅचमध्ये त्यांच्या नावावर १७९ विकेट आहेत, ऍव्हरेज १५ च्या आसपास.