नॉयमनचा माईक

गॅदरिंगच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं एक बटण असतं. कंडेन्सर माईक लावला की ते दाबायचं, एवढंच ज्युनियर लोकांना सांगितलं जातं. हे ४८ आलं कुठून, असं विचारलं की सीनियर चहाला निघून जातात. म्हणून मी ज्या कंपनीतून ते आलं तिच्या मालकाचं चरित्र वाचून काढलं. माणूस आपल्याच ब्रँचचा निघाला.

गेओर्ग नॉयमन (स्पेलिंग पाहून आपण न्यूमन म्हणतो) १८९८ साली बर्लिनजवळच्या कोरीन गावी जन्मला. मिक्स अँड गेनेस्ट या टेलिफोनच्या कारखान्यात काम शिकून तो एईजीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे त्याला ऑयगन राइस भेटला. राइसने स्वतःची कंपनी काढल्यावर नॉयमन त्याच्याबरोबर गेला आणि १९२३च्या सुमारास दोघांनी संगमरवराच्या ठोकळ्यात कोळशाची पूड भरून माईक बनवला. रेडिओवाले त्यावर खूष होते, पण नॉयमन नव्हता, कारण कोळसा म्हटलं की खरखर आलीच.

१९२८ साली तो एरिक रिकमन या भागीदाराबरोबर वेगळा झाला आणि कंडेन्सर माईक बाजारात आणला. तत्त्व आपण पहिल्या वर्षाला शिकलोय. एक स्थिर प्लेट आणि तिच्यासमोर पातळ पडदा मिळून कपॅसिटर होतो. आवाजाने पडदा हलतो, अंतर बदलतं, कपॅसिटन्स बदलतो. चार्ज तोच ठेवला तर व्होल्टेज बदलतं. गोची अशी की कपॅसिटन्स काही पिकोफॅरडच, त्यामुळे इम्पीडन्स प्रचंड. लांब वायर जोडली की सिग्नल वाटेतच मेला. उपाय एकच : अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह माईकच्या पोटातच बसवायचा. त्यामुळे माईक एवढा मोठा झाला की लोक त्याला नॉयमनची बाटलीच म्हणू लागले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ही बाटली होती आणि नाझी पुढाऱ्यांच्या भाषणांसमोरही हीच होती. माईकला वक्ता निवडता येत नाही हे खरं, तरी चरित्र लिहिताना हे पान गाळणं मला पटत नाही.

१९४३च्या नोव्हेंबरात बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा कारखाना गेला. उरलंसुरलं थुरिंगियातल्या गेफेल गावी हलवलं. युद्ध संपलं तेव्हा गेफेल सोव्हिएत हद्दीत गेलं. नॉयमनने पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा पाटी लावली, म्हणजे एका कारखान्याचे दोन झाले, मधे सरहद्द.

या धांदलीतच त्याने एक काम केलं ते माईकवाल्यांनाही माहीत नसतं. निकेल-कॅडमियम सेल चार्ज करताना वायू सुटतो, म्हणून तो पूर्ण बंद करता येत नसे. नॉयमनने १९४७च्या सुमारास असा सेल जमवला की सुटलेला ऑक्सिजन आतच कॅडमियमच्या प्लेटवर खपून जातो. लिथियम येण्याआधीचे कॉर्डलेस फोन आणि वॉकमनचे रिचार्जेबल सेल याच वाटेने आले. माझ्या मते एवढ्यावरसुद्धा त्याचं नाव आपल्या पुस्तकात यायला हवं होतं.

१९४९ साली यू ४७ आला. सोन्याचा मुलामा दिलेला पीव्हीसीचा पडदा, आणि एका स्विचवर चहूबाजूंचं ऐकायचं की फक्त समोरचं. सिनात्रा याच्यावर गायला, बीटल्सची गाणी अ‍ॅबी रोडला याच्यावर रेकॉर्ड झाली. पण खरी मेख आत होती : टेलिफुंकनचा व्हीएफ १४ व्हॉल्व्ह. त्याचा हीटर ५५ व्होल्टचा, नॉयमनकडे तो मुद्दाम ३५-३६ व्होल्टवर चालवत, कारण थंड चालला की खरखर कमी. अशा थंडीत नीट चालणारे नग चाचणी घेऊन निवडावे लागत, बाकीचे बाद. पन्नासच्या दशकात टेलिफुंकनने हा व्हॉल्व्ह बनवणं बंद केलं आणि साठा संपत आला तसा जगातला सर्वात लाडका माईकही संपला. डिझाइन आपलं, पण त्याचा जीव दुसऱ्याच्या कारखान्यात! प्रोजेक्टसाठी आयसी निवडताना मला हे हमखास आठवतं.

१९६० साली आलेल्या यू ६७ मध्ये कंपनीने ईएफ ८६ हा बऱ्याच कंपन्या बनवत असलेला व्हॉल्व्ह घेतला, आणि पीव्हीसी कालांतराने कडक होतं म्हणून पडदा पॉलिएस्टरचा केला. मग ट्रान्झिस्टरचं युग आलं. १९६६ साली नॉर्वेच्या रेडिओला माईकच्या वायरीतूनच वीज द्यायची होती. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच वापरली. तेव्हा सीनियरना सांगा, ४८ हा आकडा गणितातून आला नाही, नॉर्वेच्या दिव्यांतून आला.

नॉयमन १९७६ साली, वयाच्या ७७व्या वर्षी गेला. १९९१ साली कंपनी सेनहायझरने घेतली. २०१८ साली यू ६७ पुन्हा बाजारात आला : कॅप्सूल आणि ट्रान्सफॉर्मर मूळ नमुन्याबरहुकूम, व्हॉल्व्ह तोच ईएफ ८६, निवडून घेतलेला. पाठोपाठ २०२२ साली एम ४९ आला. २०१४ साली यू ४७ हे नावही परतलं होतं, पण ते सत्तरच्या दशकातल्या एफईटी मॉडेलचं. व्हीएफ १४ त्यात नाही.